शोषखड्डा खणण्याआधी जमिनीला पाणी पाजून बघा

गावाकडे घर बांधताना टाइल्सचा रंग, खिडक्यांचे गज, देवघराची दिशा यांवर महिनोन्‌महिने चर्चा होते. सेप्टिक टाकी आणि तिच्यातून बाहेर येणारं पाणी जमिनीत जिरवणारा शोषखड्डा यांची पाळी येते प्लास्टर संपत आल्यावर. गवंडी विचारतो, "शोषखड्डा कुठं घेऊ?" आणि मालक घरामागे उरलेला कोपरा दाखवतो.

आमच्याकडेही असंच झालं. काळ्या मातीचा प्लॉट, एप्रिल महिना. खणलेल्या खड्ड्यात दोन पिंपं पाणी ओतून बघितलं, घटकाभरात गडप. गवंडी खूश, आम्ही खूश. ऑगस्टमध्ये तोच खड्डा विहिरीसारखा काठोकाठ भरला आणि कमोडचं पाणी उतरेनासं झालं. गाडी बोलावून टाकी उपसली, आठवड्यात पुन्हा तेच. एप्रिलमध्ये पाणी मातीत मुरलं नव्हतं, भेगांत पडलं होतं. पाऊस पडला, माती फुगली, भेगा मिटल्या आणि वाटच बंद झाली.

म्हणून पहिल्यांदाच घर बांधणाऱ्यांसाठी हा लेख. शोषखड्ड्यासाठी जमीन तपासायला यंत्र लागत नाही. पहार, टेप, घड्याळ, आठ-दहा बादल्या पाणी आणि दोन दिवस लागतात. फक्त चाचणी करताना जमीन पावसाळ्यात असते तशी करून घ्यावी लागते. बहुतेक जण नेमकं हेच विसरतात.

टाकी पाणी संपवत नाही

सेप्टिक टाकीत मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं पाणी पुढे जातं. दिवसाला पाचशे लिटर आत गेलं तर पाचशे लिटर बाहेर येणारच. हे बाहेर आलेलं पाणी दिसायला बरं असलं तरी रोगजंतूंनी भरलेलं असतं. ते गाळून, जिरवून निरुपद्रवी करण्याचं काम शोषखड्ड्याभोवतालची माती करते. टाकी कितीही मोठी बांधली तरी माती पाणी घेत नसेल तर उपयोग नाही.

पायरी १: न खणता नुसतं फिरा

पहिलं काम विहिरीचं. जवळच्या विहिरीला भाद्रपदात पाणी किती खाली असतं हे शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. मे महिन्यातली पातळी या कामाला निरुपयोगी आहे. जमिनीपासून १.८ मीटरच्या, म्हणजे सहा फुटांच्या आत पाणी येत असेल तर साधा शोषखड्डा चालत नाही. विहिरीचा काठ आणि तुमचा प्लॉट एका पातळीत आहेत का, हेही बघा. प्लॉट चार फूट खोलगट असेल तर पाणी तुम्हाला चार फूट जवळ आहे.

दुसरं, अंतरं. भारतीय मानक ब्यूरोचं सेप्टिक टाकीसाठीचं मानक (आयएस २४७०) सांगतं की पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर आणि शोषखड्डा यांत किमान १८ मीटर, म्हणजे साधारण ६० फूट अंतर हवं, आणि राहत्या घरापासून ६ मीटर. आता एक गुंठ्याचा प्लॉट डोळ्यांसमोर आणा. चौरस धरला तर ३३ फूट बाय ३३ फूट. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजलं तरी ४७ फुटांच्या आत. म्हणजे गुंठ्यात घर, बोअर आणि शोषखड्डा तिन्ही नियमात बसवणं भूमितीनेच अशक्य आहे. हे प्लॉट घेताना कुणी सांगत नाही. मोजताना शेजाऱ्याची विहीरही मोजा. तुमचा खड्डा उताराच्या वरच्या बाजूला आणि त्याची विहीर खाली असेल तर ६० फुटांवर थांबू नका, जमेल तितकं लांब जा.

तिसरं, गवत. उन्हाळ्यातही एखाद्या कोपऱ्यात लव्हाळा हिरवागार असेल, किंवा पाणकणीस उगवलं असेल, तर तिथे ओल वर आहे. तो कोपरा सोडा. भराव टाकलेली जागाही सोडा. भरावात पाणी भराभर उतरतं, पण खालच्या मूळ जमिनीवर जाऊन साचतं.

पायरी २: पाहणीचा खड्डा

ज्या जागी शोषखड्डा घ्यायचा तिथे सहा-सात फूट खोल खड्डा घ्या. जेसीबी पायाचं काम करत असेल तेव्हाच हे उरकलं तर जास्तीचा खर्च जवळपास नसतोच. अरुंद, उभ्या कडेच्या खोल खड्ड्यात मात्र उतरू नका. काळी माती आणि भराव सूचना न देता ढासळतात. एका बाजूने पायऱ्या काढून घ्या, नाहीतर वरूनच बघा आणि बकेटने वर आलेली माती थरवार बाजूला ठेवायला सांगा.

देशावर बहुधा वर काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे खडे मिसळलेला थर, मग मुरूम आणि त्याखाली काळा दगड असा क्रम दिसतो. प्रश्न एवढाच की मुरूम किती खोलीवर लागतो. तीन-चार फुटांवर चांगला मुरूम लागला आणि तो दोन-तीन फूट जाडीचा असेल तर नशीब चांगलं. शोषखड्ड्याचं काम मुरमाकडून करून घेता येतं. काळी माती आठ फुटांपर्यंत संपतच नसेल तर पुढची चाचणी करा जरूर, पण फार आशा ठेवू नका. दोन फुटांवर अखंड काळा दगड लागला तर तिथे सुरुंगाने केलेला खड्डा ही दगडाची बादली होते. आणि दगडाला फटी असतील तर पाणी फटीतून न गाळताच कुणाच्या तरी बोअरला जाऊन मिळतं. दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा वाईट, कारण घरमालकाला सगळं उत्तम चाललंय असं वाटत राहतं.

कोकणात आणि गोव्यात जांभा. जांभ्याला भोकं, पोकळ्या असतात, त्यामुळे पाणी झपाट्याने उतरतं. पण जांभ्याच्या खाली बऱ्याच ठिकाणी पांढरट-गुलाबी चिकण मातीचा थर असतो. वरून आलेलं पाणी त्याच्यावर अडतं आणि आडवं सरकत उताराच्या बाजूला झऱ्यासारखं बाहेर पडतं. कोकणातल्या कित्येक विहिरींना याच रेषेवर पाणी लागतं. उतारावरच्या वाडीत वरच्या घराचा शोषखड्डा आणि खालच्या घराची विहीर यांचं नातं यातूनच जुळतं.

थर बघताना रंगही बघा. सारखा तांबडा किंवा तपकिरी रंग म्हणजे निचरा चांगला. राखाडी मातीत गंजासारखे ठिपके दिसले तर वर्षातले काही महिने ती माती पाण्याखाली असते. हवा नसल्याने मातीतल्या लोहाचा रंग जातो, आणि जिथे मुळांच्या वाटेने हवा पोचते तिथे तो गंजतो. मे महिन्यात खड्डा ठणठणीत कोरडा असला तरी हे ठिपके पावसाळ्याची पातळी सांगून जातात. सर्वांत वरचा ठिपका किती खोलीवर आहे ते टेपने मोजून लिहून ठेवा.

पायरी ३: मूठ आणि बरणी

शोषखड्ड्याच्या खोलीवरची मूठभर माती घ्या, पाणी घालून कणकेसारखी मळा आणि अंगठ्याने ढकलत तिची पट्टी काढा. पट्टी निघतच नसेल, माती हातात खरखरीत लागत असेल तर ती वाळूसर. इंचभर निघून तुटली तर मध्यम. दोन-अडीच इंच न तुटता लोंबत राहिली, हात चिकट झाला, तर चिकण.

खात्री करायची असेल तर काचेची बरणी एक तृतीयांश मातीने भरा, वर पाणी घाला, खूप हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळ दोनेक तासांत, चिकण माती बसायला एक दिवस किंवा जास्तही लागतो. या दोन्ही गोष्टी नुसता अंदाज देतात. यांच्यावरून खड्ड्याचं माप काढू नका.

पायरी ४: पाणी मुरण्याची चाचणी

ही पद्धत मुळात अमेरिकेतली. न्यूयॉर्क राज्यात हेन्री रायन यांनी १९२०च्या दशकात ती बसवली. आपल्या मानकात पाणी '२५ मिलिमीटर' उतरायला लागणारा वेळ मोजतात, तो म्हणजे त्यांचा एक इंच.

एका चाचणीवर विसंबू नका. शोषखड्ड्याच्या नियोजित जागेत आणि आजूबाजूला मिळून निदान तीन खड्डे घ्या. आमच्या एका नातेवाइकाच्या प्लॉटवर वीस फुटांच्या अंतरात एकीकडे मुरूम आणि दुसरीकडे जुनी बुजवलेली घळ निघाली.

पहिल्या दिवशी दुपारी खणायला घ्या. ज्या खोलीवरच्या मातीत पाणी मुरायचं आहे तिथपर्यंत चाचणी पोचली पाहिजे. वरच्या फूटभर मातीत चाचणी करणं म्हणजे भाताऐवजी भांड्याचं झाकण चाखणं. त्यासाठी आधी माणूस आरामात बसेल असा तीन फूट खोल रुंद खड्डा घ्या आणि त्याच्या तळात एक फूट बाय एक फूट, दीड फूट खोल असा छोटा खड्डा काढा. मोजमाप या छोट्या खड्ड्यात करायचं.

कुदळ-फावड्याने खणताना चिकण मातीच्या कडा लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि पाणी अडवतात. मोठ्या खिळ्याने किंवा सुरीच्या टोकाने सगळ्या कडा खरवडा. सुटी माती हाताने बाहेर काढा. तळाशी ५ सेंटिमीटर जाड वाळू किंवा कच (बारीक खडी) पसरा. पाणी उंचावरून ओतलं तर कडा ढासळून गाळ तळाशी बसतो, म्हणून तळाला गोणपाटाचा तुकडा ठेवून त्यावर हळू ओता आणि मग तो काढून घ्या.

आता भिजवणं. कचेच्या वर ३० सेंटिमीटर पाणी भरा. फूटभर चौरस खड्ड्याला साधारण २७ लिटर, म्हणजे दोन बादल्या लागतात. ही पातळी कमीत कमी चार तास टिकवायची, रात्रभर टिकवली तर उत्तम. पाणी उतरलं की पुन्हा भरायचं. वाळूसर जमिनीत हे नसलं तरी चालतं, कारण वाळू फुगत नाही. काळ्या मातीत मात्र माझं स्पष्ट मत आहे की एक नव्हे, दोन रात्री भिजवा, विशेषतः चाचणी उन्हाळ्यात करत असाल तर. भेगा डोळ्यांदेखत मिटलेल्या दिसल्या पाहिजेत. शक्य असेल तर काळ्या मातीची चाचणी पाऊस संपल्या संपल्या, दिवाळीच्या आसपास करा. तेव्हा माती आपणहून खरं बोलते.

रात्री खड्ड्यावर फळ्या टाका, भोवती खुंट्या ठोकून दोरी बांधा. वासरू किंवा लहान मूल पडायला एक क्षण पुरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणी. खड्ड्यावर एक सरळ फळी आडवी टाका आणि दगड ठेवून घट्ट बसवा. सगळी मापं या फळीच्या खालच्या कडेपासून पाण्यापर्यंत घ्यायची. फळी मधेच हलली तर आकडे कचऱ्यात.

खड्ड्यात रात्रीचं पाणी अजून शिल्लक असेल तर ते कमी-जास्त करून कचेच्या वर १५ सेंटिमीटरवर आणा, आणि ३० मिनिटांत किती उतरतं ते मोजा. झाली चाचणी.

रात्रीचं सगळं पाणी मुरून गेलं असेल तर १५ सेंटिमीटरपर्यंत भरा आणि दर ३० मिनिटांनी उतार मोजत चार तास बसा. गरज लागेल तेव्हा पुन्हा १५ सेंटिमीटरपर्यंत भरत राहा. हिशेबाला फक्त शेवटच्या ३० मिनिटांचा उतार धरायचा. पहिल्या तासाचे आकडे नेहमी गोड असतात. कंटाळून दोन तासांत उठलात तर तेच गोड आकडे घेऊन घरी जाल.

जमीन वाळूची असेल आणि १५ सेंटिमीटर पाणी अर्ध्या तासाच्या आतच संपत असेल, तर दर १० मिनिटांनी मोजा, तासभर चालवा आणि शेवटची १० मिनिटं धरा.

पायरी ५: आकडा काढणं

समजा, शेवटच्या ३० मिनिटांत पाणी ५० मिलिमीटर उतरलं. मग २५ मिलिमीटर उतरायला १५ मिनिटं. हा तुमचा मुरण्याचा दर: १५. आकडा जितका लहान तितकी जमीन जास्त पाणी पिणारी. तीन खड्ड्यांचे आकडे जवळपास असतील तर सरासरी घ्या. एक ८ आणि एक ४० आला असेल तर सरासरी काढून स्वतःची समजूत घालू नका. जागा थोडी सरकवा, नाहीतर ४० धरून चला.

३० मिनिटांपर्यंतचा आकडा आला आणि पावसाळ्यातलं पाणी सहा फुटांच्या खाली असेल तर शोषखड्डा चालतो. ३० ते ६० मध्ये उभा खड्डा नको, उथळ आडवे चर घ्यावे लागतात. ६० च्या वर गेलं की ती जमीन पाणी जिरवण्याच्या कामाची नाही.

आणि आकडा १ किंवा त्याहून कमी आला तर? कोकणात लोक याला भाग्य समजतात. खड्डा भरणार नाही हे खरं. पण इतक्या घाईने जाणारं पाणी मातीत थांबतच नाही, त्यामुळे गाळलंही जात नाही. इथे विहिरीपासूनचं अंतर वाढवा आणि खड्ड्याच्या बाहेरून बारीक वाळूचं जाड वेष्टण द्या. टाकीविना दोन खड्ड्यांच्या संडासासाठी अशा भरड जमिनीत तळ बंद करून भोवती अर्धा मीटर बारीक वाळू भरायला सांगतात, त्यामागेही हेच कारण आहे.

पायरी ६: खड्डा किती मोठा

मानकात यासाठी सोपं सूत्र आहे: २०४ ला मुरण्याच्या दराच्या वर्गमुळाने भागा. उत्तर म्हणजे एक चौरस मीटर माती रोज किती लिटर सांडपाणी घेईल. दर ५ असेल तर साधारण ९० लिटर, १० असेल तर ६५, १५ ला ५२, ३० ला ३७.

हे आकडे बघून पहिल्यांदा गोंधळ होतो. १५ मिनिटांत २५ मिलिमीटर म्हणजे दिवसाला एका चौरस मीटरमधून २,४०० लिटर स्वच्छ पाणी उतरेल, आणि मानक म्हणतं फक्त ५२ लिटर धरा! पण सांडपाण्याने खड्ड्याच्या कडांवर काही महिन्यांत काळा बुळबुळीत थर चढतो, आणि त्यानंतर माती नव्हे तर तो थर ठरवतो किती पाणी जायचं. सूत्रात त्याची सोय आधीच केलेली आहे. "चाचणीत तर पाणी सुसाट गेलं, खड्डा लहान करू" असं कुणी म्हणालं तर हे दोन आकडे त्याच्यापुढे ठेवा.

उदाहरण घेऊ. घरात पाच माणसं, संडास, न्हाणी, स्वयंपाकघर सगळ्यांचं पाणी टाकीत, रोजचे ५०० लिटर. मुरण्याचा दर १०. मग ५०० भागिले ६५, म्हणजे ७.७ चौरस मीटर. शोषखड्ड्यात तळाचा हिशेब धरत नाहीत, कारण तळ आधी बुजतो. पाइप जिथून आत येतो त्याच्या खालची फक्त कड धरायची. १.२ मीटर (चार फूट) व्यासाच्या गोल खड्ड्याचा घेर ३.७७ मीटर, म्हणून पाइपाखाली दोन मीटरहून थोडी जास्त खोली हवी. दर ३० असेल तर त्याच घराला १३.५ चौरस मीटर लागतात, म्हणजे तेवढेच खोल जवळजवळ दोन खड्डे. आणि फक्त संडासाचं पाणी, समजा दिवसाला २०० लिटर, टाकीत सोडलं तर १० च्या दराला पाइपाखाली ८२ सेंटिमीटर खोली पुरते. अर्थात मानकाप्रमाणे पाइपाखाली किमान एक मीटर आणि रुंदी किमान ९० सेंटिमीटर ठेवायचीच. मात्र खोली वाढवताना खड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या पाण्यात बुडणार नाही ना, हे पुन्हा तपासा.

बांधकाम कोरड्या, उघड्या सांध्यांचं, कारण पाणी त्या सांध्यांतूनच मातीत जातं. उत्साही गवंडी आतून सफाईदार गिलावा करून देतात, तेव्हा तिथे उभे राहा.

जमीन नाही म्हणाली तर

सगळ्यांत स्वस्त उपाय पाणी कमी करण्याचा. न्हाणीचं आणि मोरीचं पाणी वेगळं काढून परसात केळी, कर्दळ, अळू यांना द्या. टाकीवरचा भार निम्म्याहून खाली येतो.

दर ३० ते ६० मध्ये असेल तर चर. अर्धा ते एक मीटर खोल, खडी भरलेले, आत भोकांचा पाइप. इथे हिशेबाला चराचा तळ धरतात. दर ४० असेल तर चौरस मीटरला ३२ लिटर, म्हणजे ५०० लिटरला साडेपंधरा चौरस मीटर. साठ सेंटिमीटर रुंदीचा चर घेतला तर २६ मीटर लांबी. परस मोठं असेल तरच हे जमतं.

पाणी सहा फुटांच्या आत येत असेल तर हेच चर जमिनीवर मातीचा उंचवटा करून त्यात बसवतात. तिथवर पाणी चढावं म्हणून टाकी उंच घ्यावी लागते किंवा लहान पंप लागतो.

निव्वळ काळी माती, दर ६० च्या वर असेल तर टाकीनंतर खालून वर पाणी चढणारा खडीचा गाळणी-कप्पा बांधतात. त्यातून निघणारं पाणी बरंच निवळतं, तरी जंतुमुक्त नसतं, त्यामुळे ते कुठे सोडायचं हे बांधण्याआधी ग्रामपंचायतीत बोलून ठरवा. काळ्या मातीत काही वेळा खड्ड्याभोवती ३० सेंटिमीटर वाळू-खडीचं वेष्टण देतात. फुगणारी माती बांधकामावर थेट दाबू नये आणि सांधे बुजू नयेत म्हणून ते चांगलंच आहे, पण त्याने पाण्याला नवी वाट मिळत नाही.

चाचणी संपली की छोटे खड्डे त्याच मातीने थराथराने धुमसून बुजवा. तिन्ही खड्ड्यांची घराच्या कोपऱ्यापासूनची अंतरं, तारीख, भिजवलेले तास आणि दर अर्ध्या तासाचे आकडे घराच्या नकाशाच्या पाठीमागे लिहून ठेवा. नंतर त्याच कागदावर टाकीच्या आणि शोषखड्ड्याच्या झाकणांची जागाही मांडा. काही वर्षांनी टाकी उपसायला गाडी येईल तेव्हा अंगणात फरशी बसलेली असते आणि झाकण कुठे आहे हे घरात कुणालाच आठवत नसतं.